बाराव्या गाडीचा दगड

तर काल गोष्ट थांबली होती बाराव्या गाडीपाशी. गिरधरनं डाव्या चाकापुढचा दगड काढून बाजूला ठेवला होता. आता तो उजव्या चाकाकडं वळणार, एवढ्यात वरून बांगड्या वाजल्या.

"या ना वर. तुमच्यासाठी जागा धरली आहे मी," बेबाबाई म्हणाली.

आता बघा, बेबाबाई ही त्याची बायको. लग्नाला अडीच महिने झालेले, माहेर धुळ्याचं. सासरी आल्यापासून चारचौघांत नवऱ्याशी एक शब्द बोलली नव्हती, आणि आज भंडाऱ्यानं पिवळी होऊन चक्क हाक मारते! गिरधरच्या जागी दुसरा कोणी असता तरी त्याला उजवं-डावं कळलं नसतं. चाकाच्या आऱ्यावर पाय देऊन तो चढला आणि तिच्याशेजारी टेकला. उजव्या चाकापुढचा दगड होता तिथंच राहिला.

ही सन चोपन्नच्या चैत्री पुनवेची गोष्ट, पारोळ्यापासून दोन कोसांवरच्या एका गावची. तिथं खंडेरावाच्या यात्रेत बारागाड्या ओढतात. बारा बैलगाड्या साखळ्यांनी एकामागं एक जोडायच्या. बैल एकही नाही. गाड्यांवर माणसं दाटीवाटीनं बसवायची, आणि पुढं एकच माणूस. त्याला भगत म्हणतात. त्याच्या कमरेला चामड्याचा पट्टा, पट्ट्याला लोखंडी आकडा, आकड्यात पहिल्या गाडीची साखळी. वेशीपासून देवळापर्यंत चारशे पावलं त्यानं बाराही गाड्या ओढून न्यायच्या. वेशीपाशी जमिनीला किंचित उतार आहे. तिथं गाड्या आपोआप पुढं सरकू नयेत म्हणून शेवटच्या गाडीच्या दोन्ही चाकांपुढं एकेक दगड लावतात, लांबून दिसावा म्हणून चुना फासलेला. डफ वाजायच्या आधी ते दगड काढायचे, हे काम गिरधरच्या घराकडं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. मान मोठा, पण त्या मानात गाडीवर बसणं नव्हतं. दगडवाल्यानं मागून पळत यायचं.

भगत होता तोताराम. वय पंचेचाळिशीचं, उंची बेताची, बोलणं त्याहून बेताचं. बाजारात कोणी विचारलं, "नाना, ज्वारी कशी शे?" तर हा मूठभर ज्वारी त्याच्या हातावर ठेवायचा, म्हणजे उत्तर झालं. त्याचा बाप भगत, आजा भगत. सोळा वर्षं त्यानं गाड्या ओढल्या होत्या. यात्रेआधी सव्वा महिना व्रत असे: पायांत वहाण नाही, एक वेळचं जेवण, झोपायला जमीन, आणि चहाचा थेंब वर्ज्य. गाड्या पायांनी ओढल्या जात नाहीत, व्रतानं ओढल्या जातात, अशी गावाची समजूत.

डफ वाजला. तोताराम पुढं झुकला. साखळ्या एकेक करून ताणल्या गेल्या, खण, खण, खण, अकरा वेळा. बाराव्या खणीला सगळी रांग जागच्या जागी थटली. तोतारामनं दुसरा हिसका दिला. गाड्या हलेनात. तिसरा दिला, आणि पुढच्या लोकांनी ऐकलं, ओलं धोतर टरकावं तसा आवाज झाला. तोतारामचा उजवा पाय गेला. मांडीच्या मागची शीर की मांस, काय ते फाटलं आणि तो गालावर पडला, तोंड गाड्यांकडं करून.

गिरधरला त्या तिसऱ्या हिसक्यालाच कळलं होतं. बाराव्या गाडीचं उजवं चाक अंगाखाली उचकलं आणि परत बसलं. त्यानं खाली उडी मारली, दगड उपटला आणि निवडुंगाच्या कुंपणात भिरकावून दिला. कोणी पाहिलं नाही. सगळं गाव पुढं पळत होतं. मग त्यानं वाकून गाड्यांखालून पाहिलं. चोवीस चाकांच्या पलीकडं, धुळीत, तोतारामचा चेहरा दिसत होता. डोळे उघडे होते की मिटलेले, ते एवढ्या लांबून कळेना.

संध्याकाळच्या आत गावानं निकालही दिला. वना नावाचा एक माणूस होता, दुसऱ्याच्या घरात काय शिजतं ते त्याला त्या घराआधी कळे. तो पारावर म्हणाला, "मी मन्हा डोयानं देखं. आठ दिन पहिले, पारोळाना मोटारस्टँडवर, हाऊ तोताराम चहा पी ऱ्हायंता. व्रत मोडं म्हनीसन देवनं पाय मोडा."

झालं. सोळा वर्षांचं पुण्य एका कपात बुडालं. तोतारामला विचारायला गेले तर तो जमिनीकडं पाहत राहिला. बायको प्रमिलाबाई मात्र उसळली: "मी सव्वा महिना घरमां चहानी पूड ठेवी नही! गुळबी दडपी ठेवा! नि हाऊ वना व्रतना पहिले रोज मना घरना फुकटना चहा पेत व्हता!"

गिरधर गर्दीत मागं उभा होता. त्यानं तेव्हाच बोलायचं. पण माणूस स्वतःला काय काय समजावतो पाहा. तो म्हणाला, आत्ता नको, बेबाबाई नवी आहे, लोक तिलाच पांढऱ्या पायाची म्हणतील. उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी म्हणाला, पाय तर फाटलाच, आता सांगून काय शिवला जाणार? आठ दिवसांनी म्हणाला, आता सांगितलं तर लोक विचारतील, आठ दिवस काय करत होतास? आणि मग तर रोज एकेक दिवस वाढतच गेला.

गिरधरचं पारोळ्याला स्टँडसमोर सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. तिथं रुपचंद नावाचा पलटणीतून परत आलेला गडी चहा घ्यायला बसे. हा लढाईत जखमी झालेला. गोळी कुठं लागली असं विचारलं की म्हणायचा, "ब्रह्मदेशमां." अहो, शरीरात कुठं? "सांगं ना, ब्रह्मदेशमां!" खरं असं की गोळी लागली होती बुडाला, आणि ते सांगायची त्याला लाज. पण पलटणीच्या इस्पितळात त्याला रबरी पट्ट्या बांधून पुन्हा चालायला शिकवलं होतं, आणि आता तो तिठ्यापासून स्टँडपर्यंत ताठ चालत यायचा.

आषाढात गिरधरनं त्याला तोतारामकडं नेलं. हाडवैद्याचा लेप सुटला होता, पण तोताराम बसला की उठताना हात टेकायचा, आणि उजवं पाऊल ओढत चालायचा. रुपचंदनं मांडी दाबून पाहिली.

"मानूस पुढली मांडी कुरवाळस, नाना. गाडी ओढस ती मांगली," तो म्हणाला. "मांडीनं मांगलं मास नि बूड, हाई तुमनी बैलजोडी शे. एक बैल लंगडा व्हयना ते दुसरा बी कामना नही. रब्बर पाहिजे."

"रबर मी आणतो," गिरधर म्हणाला. इतक्या पटकन म्हणाला की रुपचंद त्याच्याकडं पाहतच राहिला.

त्या दिवसापासून दुकान उघडण्याआधी रोज सकाळी गिरधर तोतारामच्या ओसरीवर हजर. जुन्या सायकलच्या ट्यूबा लांबीनं कापायच्या, चिकटू नयेत म्हणून शंखजिऱ्याची पूड चोळायची, आणि सुरू. तोताराम पालथा झोपे. घोट्याला रबर, रबराचं दुसरं टोक गिरधरच्या हातात. टाच बुडाकडं आणायची, आणि परत नेताना सावकाश न्यायची. रुपचंदनं बजावलेलं, "आनताना घाई चाली, सोडताना नही. सोडतानाच मांडी तयार व्हस. ताण लागू दे, पन कळ उनी का थांबायचं." दहा वेळा, मग विसावा, मग आणखी दहा.

मग उताणं. गुडघे दुमडलेले, कमरेवरून ट्यूब आडवी आणि दोन्ही बाजूंना खुंट्यांना बांधलेली. टाचा रोवून बूड उचलायचं, वर तीन अंक मोजायचे, खाली ठेवायचं. पहिल्या दिवशी तोतारामनं बूड उचललं तसा उजव्या बाजूचा खुंटाच उपटून आला, ट्यूब सटकली आणि माठाला लागली. माठ फुटला. प्रमिलाबाई बाहेर आली, पाण्यात पडलेल्या नवऱ्याकडं पाहून म्हणाली, "मांडी कवय बरी व्हई ते देव जाने. माठ ते बरा व्हता ना!"

सगळ्यांत करमणूक तिसऱ्या प्रकाराची. दोन्ही गुडघ्यांच्या वर रबराचं कडं घालायचं, थोडं वाकायचं आणि आडवं चालायचं, रबर ढिलं पडू न देता. अंगण अपुरं पडायचं म्हणून तोताराम गल्लीत निघे. इकडून तिकडं दहा पावलं, तिकडून इकडं दहा. गल्लीतलं कुत्रं त्याच्याबरोबर आडवं चालायचा प्रयत्न करून थकलं. पाणी भरायला जाणाऱ्या बाया पदर तोंडात धरून हसायच्या. "पंचेचाळीस वरीस मानूसनामायक चालनात," प्रमिलाबाई म्हणे, "आते खेकडा व्हयनात." तोताराम आडवा गेला तसा आडवा परत यायचा.

गिरधर मात्र हसू शकत नव्हता. रबराचं दुसरं टोक त्याच्या मनगटाला गुंडाळलेलं असे, आणि तोताराम टाच ओढी तेव्हा ती ओढ त्याच्या हातात उतरे. पहिल्या महिन्यात ती आजारी वासरानं दावं ओढावं तेवढी होती. दर वेळी त्याला वाटे, हे ओढणं सोळा वर्षं बारा गाड्यांना पुरलं, आणि मी ते एका दगडानं इतकं केलं. भाद्रपदात पातळ ट्यूब पुरेना, त्यानं दुहेरी केली. दिवाळीत धुळ्याला सासरी गेला. मुंबई-आग्रा रस्त्यावर ट्रक थांबतात तिथून टाकून दिलेली ट्रकची ट्यूब घेऊन आला, मिठाईची टोपली विसरला. सासू म्हणाली, "जावई कसले हो हे? आले दिवाळीला, परत नेतात काय, तर टायरचं पोट!"

आणि गावात त्याचं कौतुक! "गिरधर पाहा, सख्खा भाऊ नाही, पण भावाच्या वर करतो." म्हातारी माणसं रस्त्यात थांबवून पाठ थोपटायची. प्रमिलाबाई तव्यावरची पहिली भाकरी त्याला वाढायची. कळण्याची भाकरी, वर मिरचीचा ठेचा. "खा भाऊ. तू नसता ते यासनं काय व्हतं?" तो घास गिरधरच्या घशात अडके. एकदा तो म्हणाला, "अक्का, पहिली नानाला द्या." ती म्हणाली, "नानाले रोजच भेटस. तू पाहुना." ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं असं त्यानं सांगितलं. ठेचा त्या दिवशी वाढलाच नव्हता.

फाल्गुनापर्यंत तोतारामचा पाय असा झाला की ट्रकच्या ट्यूबेचं टोक गिरधरला एकट्याला धरवेना. रुपचंद आणि तो, दोघं मिळून धरायचे आणि दोघांनाही तोताराम हळूहळू ओसरीवरून ओढत आणायचा. उठताना हात टेकणं गेलं. रुपचंद म्हणाला, "आते बारा काय, तेरा गाड्या लावा."

पण गाड्या लावणार कोण? आकडा द्यायचा अधिकार पंचांचा. पुनवेच्या आठ दिवस आधी सकाळी देवळाच्या आवारात बैठक ठरली, आणि गावात सगळीकडं एकच बोलणं: पाय बरा झाला, पण मोडलेल्या व्रताचं काय? यंदा आकडा पुनाच्या घरी जाणार. पुना तालमीतला गडी, अंगानं दांडगा. एकदा आकडा घराबाहेर गेला की परत येत नाही, हे तोतारामला ठाऊक होतं आणि गिरधरलाही.

बैठकीच्या सकाळी गिरधरनं बेबाबाईला सगळं सांगितलं. ती पीठ मळत होती. हात थांबले.

"म्हणजे मी वर बोलावलं म्हणून झालं हे?"

"नाही. मी चढलो म्हणून."

तिनं बोटांचं पीठ खरवडून परातीत टाकलं. मग म्हणाली, "वर्षभर नानांच्या घरची भाकरी खाल्लीत तुम्ही?"

"खाल्ली."

"मग आता जा. हात धुऊन येते मी पण."

देवळात पंचांचे म्होरके जीवराम आबा आकडा पुढ्यात घेऊन बसले होते. तोताराम खांबाला टेकून खाली पाहत होता. वनानं पुन्हा आपला चहा सांगितला, या वर्षात त्या चहाबरोबर भजीही आली होती. आबांनी मान हलवली, पुनाकडं पाहिलं, आकडा उचलला.

"आबा," गिरधर उभा राहिला. हातात सकाळची ट्यूब तशीच होती. "नानानं व्रत नही मोडं. उजवा चाकपुढला धोंडा मी काढा नव्हता. मी गाडीवर चढीसन बठनू. मंग धोंडा निवडुंगमां फेकी दिना. पाय मी मोडा नानाना."

"दगडवाला तू. गाडीवर कसाले चढना?" वनानं विचारलं.

बायकांच्या बाजूनं बांगड्या वाजल्या. "मी बोलावलं होतं," बेबाबाई म्हणाली. "जागा धरली होती मी. काय म्हणायचं ते मलाही म्हणा."

कोणीतरी हसलं, कोणीतरी शिवी हासडली. प्रमिलाबाई उठून आली आणि गिरधरच्या समोर उभी राहिली. नुसती पाहत राहिली, आणि ते शिवीपेक्षा जड होतं. गिरधरनं मान खाली घातली ती वर केली नाही.

जीवराम आबांनी मिशीवरून हात फिरवला. "धोंडा मानूस इसरस. पन वरीसभर इसरनं, हाई जरा जास्तीच व्हयनं, गिरधर." मग पंचांकडं वळून म्हणाले, "आकडा तोतारामना. नि धोंडा बी गिरधरनाच ऱ्हाई. जो एकडाव इसरना तो आते झोपमां बी इसराव नही." आणि त्यांनी आकडा तोतारामच्या हातात ठेवला.

"नाना," गिरधर पुढं झाला, "काही ते बोला. शिव्या द्या."

तोतारामनं तोंड उघडलं.

"हां!" आबा ओरडले. "आकडा हातमां शे! आते गाड्या देवळपान येस तोवर बोलनं नही!"

कारण त्या गावची रीत अशी की आकडा हातात आला की भगताचं मौन सुरू. उघडलेलं तोंड तोतारामनं मिटलं.

मग सुरू झाले गिरधरचे आठ दिवस. वर्षभर त्यानं एका माणसाला गप्प राहून फसवलं होतं, आता तो माणूस गप्प होता आणि ह्याला काही कळायला मार्ग नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो ओसरीवर आला. तोताराम पालथा झोपला आणि घोटा पुढं केला. गिरधरनं रबर बांधलं. टाच आली, गेली, दहा वेळा. चेहरा जमिनीकडं, म्हणजे तोही वाचता येईना. उताण्या प्रकाराला चेहरा वर होता, पण तोताराम छताकडं पाहत मनात अंक मोजत होता. प्रमिलाबाईनं त्या दिवशी भाकरी दिली नाही. तिसऱ्या दिवशी ताट समोर आदळलं. "खा. अंगमां ताकद नही ते रब्बर कोन धरी?" भाकरी पहिली नव्हती, करपलेली शेवटची होती. पण वर्षात पहिल्यांदा ती त्याच्या घशाखाली नीट उतरली.

पुनव आली. गाड्या वेशीवर लागल्या. बेबाबाई सातव्या गाडीवर बसली होती, आणि गिरधरकडं तिनं मुद्दाम पाहिलंच नाही. गिरधरनं डावा दगड काढला, उजवा काढला, दोन्ही काखेत मारले, आणि तरीही वाकून चाकांपुढं हात फिरवून पाहिला. मागच्या लोकांनी हाक दिली, "अरे, तिसरा धोंडा सापडना का?" हशा पिकला. तो हसला नाही.

डफ. साखळ्या ताणल्या. खण, खण, बारा वेळा. आणि गाड्या निघाल्या. तोतारामच्या टाचा धुळीत रुतत होत्या, उचलत होत्या, उजवी, डावी, उजवी. वाटेत वाळूचा पट्टा लागतो, तिथं रांग मंदावली. गिरधर मागून पळत होता, दोन दगड काखेत, आणि उजवी टाच रुतली की त्याच्या मनगटात आपोआप ओढ बसत होती, जणू रबर अजून तिथंच गुंडाळलेलं. वाळू संपली. देवळाची पायरी आली. येळकोटचा घोष झाला आणि भंडाऱ्यानं आभाळ पिवळं झालं.

आबांनी आकडा सोडवला. मौन सुटलं. लोकांनी तोतारामभोवती कडं केलं, पण त्यानं हातानं सगळ्यांना बाजूला सारलं आणि पायरीवर बसला. गिरधर धापा टाकत पोहोचला. दगड खाली ठेवायचंही त्याला सुचलं नाही.

"नाना, आते तरी बोला. मन्हावर राग शे का?"

तोतारामनं आधी उजव्या मांडीवर थाप मारून पाहिली, मग वना जवळपास नाही ना ते पाहिलं, आणि हळू आवाजात म्हणाला:

"धोंडा मी देखा व्हता, गिरधर. पडनू तवयच, गाड्यासना खालतून. तुले फेकताना बी देखं. पन मी कसा बोलू? वना खोटं बोलत नव्हता. अर्धा कप चहा मी खरंच पेनू व्हतू. मंग दोष कोना म्हनू, तुना धोंडाना का मना चहाना? वरीसभर पालथा पडीसन हाऊच इचार करा. औंदा ना धोंडा व्हता, ना चहा, गाड्या सरळ उन्यात. म्हनजे आजबी काहीच समजनं नही. जाऊ दे. ते धोंडा खाले ठेव, नि दोन चहा सांग. मना पुरा कप सांग, अर्धा नही."